मालूमावशीचा शनिवारचा वर्ग

मालूमावशी गेल्याची तार नागपूरला आली, तेव्हा मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या पाट्या तपासत होते. तार वाचली आणि आधी आठवला तो तिचा तुटलेला कान...

मावशी कलकत्त्यातच जन्मली आणि तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची; तिथे तिला सगळे 'दिदिमणी', म्हणजे बाई, म्हणत. वर्गात गणितं झटकन सोडवून खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलींना ती दर शनिवारी दुपारी बागबाजारच्या आपल्या खोलीत बोलवायची. नकाशे द्यायची, कोडी घालायची. उत्तर मात्र कधी सांगत नसे. वडिलांच्या बदलीमुळे आम्हीही तेव्हा तिथेच होतो. वर्गात सगळ्यांत हुशार रझिया, तिच्या खालोखाल पारुल. मी तिसरी, आणि त्याचा मला भारी राग यायचा.

फाळणीला तीन वर्षंही झाली नव्हती, आणि शहर पुन्हा पेटलं. त्या शनिवारी कोडं अर्ध्यावर असताना गल्लीत आरडाओरडा झाला. समोरच्या म्हाताऱ्या मुसलमान शिंप्याला फरफटत दुकानाबाहेर काढून लोक सळयांनी मारत होते. त्याचं हलणं थांबलं तरी मारत राहिले. मी खिडकीतून बघत होते. मावशीने मला केसांना धरून मागे ओढलं, रझियाला पलंगाखाली ढकललं आणि दाराला कडी घातली.

दार फुटलं. पुढे होता पारुलचा बाप, हातात कोयता.

"दिदिमणी, ती मुलगी द्या."

"इथल्या सगळ्या माझ्या मुली आहेत," मावशी बंगालीत म्हणाली. "न्यायचीच तर तुमची पारुल न्या."

त्याने कोयता चालवला. मानेवरचा वार कानावर निभावला. मावशीने शेगडीवरचं उकळतं आधण उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकलं. तो किंचाळत कोसळला. "बाबा!" पारुलने फोडलेल्या त्या हंबरड्याने मागची माणसं थबकली, आणि त्याला उचलून निघून गेली.

दोन दिवसांनी रझियाला तिचे वडील ढाक्याला घेऊन गेले. पुन्हा भेट नाही.

पुढच्याच शनिवारी डोक्याला पट्टी बांधून मावशीने वर्ग घेतला. पारुल जिन्यात उभी होती.

"आत ये. कोडं अर्धं राहिलंय तुझं."

मी भडकले. "मावशी, हिच्या बापाने..."

"त्याला मी भाजलं. हिने काय केलंय?"

तेव्हापासून मावशी दाराशी स्टूल टाकून शिकवू लागली. आत येणाऱ्याला तिला ओलांडूनच यावं लागे.

गेल्या आठवड्यात मी मावशीच्या त्या खोलीवर गेले. शनिवार होता. लहान मुली नकाशावर वाकल्या होत्या. दाराशी स्टुलावर पारुल बसली होती, आता कॉलेजात शिकणारी. तिने मला ओळखलं... तरी आधी माझ्या मागे जिन्यात नजर टाकली, आणि मगच गुडघे आखडून वाट दिली.