वाचनालयाच्या छपरातला ब्रश

माझे थोरले दीर सुतार. पस्तीस वर्षं एकाच कारखान्यात त्यांनी रंधा मारला. मग मालकांनी संगणकावर चालणारं लाकूड कापायचं यंत्र आणलं, आणि भाऊजींच्या वाट्याला भुसा झाडणं आलं. महिनाअखेरीला घरी बसा, असंही गोड शब्दांत सांगून झालं. घरी बसणं भाऊजींना जमणारं नव्हे. सुट्टीच्या दिवशी ते आमच्या दारांच्या धडधाकट बिजागऱ्या काढून परत बसवतात.

त्याच महिन्यात इमारतींचे आराखडे करणाऱ्या एक बाई कारखान्यात आल्या. वाचनालयाचं छप्पर त्यांना घरट्यासारखं हवं होतं. एक खिळा न मारता पक्षी घर कसं उभं ठेवतो, ते लाकडात उतरवायचं होतं. भाऊजींनी परसातल्या झाडावरून कावळ्यानं सोडलेलं घरटं अलगद नेऊन दिलं. बाईंनी लेझरनं काडी न् काडी मोजली, संगणकानं ती चाळीसपट केली आणि यंत्र तुळया कापू लागलं. एकूण नऊशे बारा, एकीसारखी दुसरी नाही.

आठशे सदतिसाव्या तुळईला यंत्र अडलं. चोवीस फूट लांब, मानेपाशी बाकदार, टोकाला काड्यांचं रान. भाऊजींनी पडद्यावर चित्र पाहिलं मात्र, लगेच ओळखलं. कावळ्यानं पळवून घरट्यात खोचलेला ब्रश त्यांचाच होता.

गप्प बसावं तर वाचनालयावर दात घासायचा ब्रश चढणार. बोलावं तर घरटं आणणारे तेच. मालक महिनाअखेरीचीही वाट बघायचे नाहीत. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "बाई, हा माझा ब्रश आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती तुळई पुसली, तर पडद्यावरचं अख्खं छप्पर खाली बसलं. तीनदा पुसली, तीनदा बसलं. दांडा ठेवून नुसते केस काढले, तर कललं. कावळ्यानं ब्रश पूर्ण विचारांती लावलाय, असं त्या आदरानं म्हणाल्या.

केस अकराशे साठ. प्रत्येक हातभर लांब, बोटाएवढा जाड; यंत्रात धरला की कट्कन मोडे. त्यातून भाऊजी दात घासणार दाबून, त्यामुळे प्रत्येक केस वेगळ्या दिशेला वाकलेला. मालकांनी तोंड पाडून रंधा परत दिला. पाच महिने भाऊजी काड्या तासत होते, वाफेवर वाकवत होते.

"जन्मभर सांगतेय, दाबून घासू नका," जाऊबाई म्हणाल्या.

"तुझं ऐकलं असतं तर घरी बसलो असतो."

छप्पर चढलं, टिकलं. दुसऱ्याच दिवशी मालकांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं. बाईंना आता बसथांबा करायचा होता, खारीच्या शेपटीवरून.

"केस किती?" भाऊजींनी विचारलं.

"चाळीस हजार."

भाऊजींनी बोटांवर हिशेब केला. शेवटचा केस वाकवेपर्यंत त्यांचं बहात्तरावं वर्ष उजाडणार होतं.

"होईल तेवढ्यात," ते म्हणाले, आणि रंध्याला धार लावायला गेले.