केळी ग्रुपवरची श्रद्धांजली

आमच्या बुऱ्हाणपूरच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर देवांचे फोटोसुद्धा चालत नाहीत. सकाळी मंडीचा भाव येतो. मग कुणाच्या बागेत गाडी भरायची आहे, कुणाकडे रोपं उरली आहेत, पानांवरच्या करपा रोगावर कोणती फवारणी लागू पडली, बस एवढंच. ग्रुपचे अ‍ॅडमिन जवळच्या खकनार गावचे एक काका आहेत. ते माझे नात्याने कुणी लागत नाहीत, पण त्यांना सगळेच काका म्हणतात. त्यांनी एकाला सुप्रभात टाकलं म्हणून काढलं, दुसऱ्याला निवडणुकीवरून काढलं आणि स्वतःच्या जावयाला एका विनोदासाठी काढलं. जावई वर्षसणाला आला तेव्हाच परत आत घेतला.

एका गोष्टीला मात्र तिथे मुभा आहे, ती म्हणजे कुणी गेल्याची बातमी. फोटो आला की खाली रांगच लागते. भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, जोडलेले हात. पूर्वी आमच्याकडे कुणी गेलं की दारावर जायचे. दारावर जायचं म्हणजे त्या घरी जाऊन सतरंजीवर गुपचूप बसायचं, फार बोलायचं नाही. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून येणाऱ्यांनीच चहा न्यायचा. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतून एवढ्या किटल्या आल्या की कुठली कुणाची ते आठवडाभर कळेना. अजूनही जवळची माणसं जातात. बाकीच्यांचं दारावर जाणं आता मोबाइलवर आलं आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. बाग नवऱ्याची, पण बागेचं मोबाइलवरचं सगळं माझ्याकडे. ह्यांचं बोट स्क्रीनवर असं पडतं जणू काही घंटी वाजवायची आहे. त्यामुळे करप्याचा उपाय शोधायचा झाला की शोधणारी मीच. मागच्या हिवाळ्यात गच्चीवर उन्हात बसून मी तेच शोधत होते आणि मोबाइलने करप्याऐवजी मला एक बाई दाखवली.

केळीची बाग होती. आमचीच म्हणावी इतकी ओळखीची. मधे एक बाई, अंगभर पातळासारखं गुंडाळलेलं, पदर डोक्यावरून खांद्यावर. मला वाटलं आपल्याकडचीच कुणी. मग ती बोलायला लागली आणि एक अक्षर कळेना. बाग उभी वाळलेली होती. पानं खोडालाच लटकली होती आणि वाऱ्याने त्यांचा तो कागद चुरगळल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज मी डोळे मिटून ओळखते. पाणी तुटलेल्या बागेचा आवाज आहे तो. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही बाग सुदानमधली, निळ्या नाईल नदीकाठची. युद्ध आलं, माणसं पळाली, पंप चोरीला गेला आणि बाग तहानेने मेली.

मी तिचे सगळे व्हिडिओ पाहिले. उन्हाचे चटके बसायला लागले तेव्हा कळलं की दुपार झाली आहे. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आता एका दुसऱ्या गावात, शाळेचाच निवारा झालेल्या इमारतीत राहत होती. ज्या वर्गात बाकं असायची त्या वर्गात माणसं झोपायची. अंगणात मोठ्या हंड्यात मसूर शिजायचा आणि बायका वाट्या घेऊन उभ्या. एका व्हिडिओत तिने फक्त हंड्याचा तळ दाखवला आणि मग रांग दाखवली. मी वर्गात मुलांना दोन तास समजावून जे सांगू शकले नसते ते तिने न बोलता सांगितलं.

नेट तिथे एका चहाच्या टपरीवर मिळायचं. टपरीवाल्याकडे आकाशातून नेट घेणारी थाळी होती. मोबाइल चार्ज करायचा तो कुणाच्या तरी सोलरवर. एवढं सगळं करून ती बाई एकच गोष्ट मागायची. पैसे नाही. ती म्हणायची, आम्हाला विसरू नका, बघा आणि दुसऱ्याला दाखवा.

मी तिला लिहिलं की मी भारतातून, केळीच्याच गावातून लिहिते आहे. बुऱ्हाणपुरात, तापीपासून हाकेच्या अंतरावर, मी गच्चीवर पापड वाळत घालत होते आणि नाईलच्या काठची बाई मला उत्तर देत होती. तुमच्याकडे केळीला पाणी कसं देता, तिने विचारलं. मी ठिबकच्या नळीचा फोटो पाठवला. इतक्या लांबून असं बोलता येतं याचं आश्चर्य लोकांना वाटेनासं झालं आहे, मला अजून वाटतं.

मग मी कामाला लागले. तिच्या व्हिडिओंवर मराठी ओळी टाकल्या, थोडं हिंदीतही बोलले आणि शाळेच्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. माहेरच्या ग्रुपवर टाकलं, तिथे वहिनीने लगेच लोणच्याचा व्हिडिओ टाकला. मला राग येतो तेव्हा मी भांडी जोरात आपटते, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. हे म्हणाले, "अगं, लोकांना आपलंच आवरत नाही, तुझं सुदान कोण पाहील?"

"केळीवाले पाहतील," मी म्हटलं. "तिची बाग आहे."

"काका काढून टाकतील तुला."

"काढू दे."

मी तिचा एक फोटो निवडला. वाळलेल्या बागेसमोर उभी, सरळ कॅमेऱ्यात बघणारी. खाली मराठीत लिहिलं की ही आपल्यासारखीच केळीवाली, सुदानची, वडिलांनी लावलेली बाग युद्धात गेली, तिथे लोक उपाशी आहेत, तिचं म्हणणं ऐका. त्याखाली व्हिडिओ जोडला. तिलाही कळवलं की आज आमच्या शेतकऱ्यांना तुझ्याबद्दल सांगितलं, काय म्हणतात ते पाठवते. मग मोबाइल चार्जिंगला लावून भाकरी करायला गेले.

भाकरी तव्यावर असताना मोबाइल टिंगटिंग वाजायला लागला. थांबेचना. हे आनंदाने ओरडले, "अगं, बघ तरी, किती जणांनी उत्तर दिलं! तुझ्या बाईला पाठवून देतो बघ." आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि पाठवलासुद्धा. त्यांचं बोट नेमकं त्याच दिवशी बरोबर पडलं.

मी पिठाच्या हातांनी मोबाइल घेतला. सगळ्यात वर खकनारच्या काकांचं होतं: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली धूलकोटवाल्यांचं: ॐ शांती. मग जोडलेले हात, पांढरी फुलं, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. बोटाने वर सरकवत राहिले तरी संपेना. बाईचा फोटो, खाली चार ओळी आणि "गेली" हा शब्द. कुणी वाचलं नव्हतं. फोटो पाहिला आणि सवयीने हात जोडले होते. आणि आमच्या ह्यांनीही न वाचता ते सगळं त्या जिवंत बाईला पाठवून दिलं होतं.

मी ग्रुपवर बोलून निरोप टाकला. तो आजही लोक मला ऐकवतात. "अरे वाचत जा रे जरा! बाई जिवंत आहे! तिची बाग गेली आहे, ती नाही! जिवंत माणसाला फुलं वाहता?" एवढं बोलून मी मोबाइल पालथा ठेवला आणि भाकरी करपवली.

थोड्या वेळाने काकांचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "ताई, गलती झाली. मी फोटो पाह्यला आन् टाइप करून टाकलं. मी टाकलं म्हणून बाकीच्याइनं टाकलं. बाईले काही वाईट वाटलं का?"

"तिला तर आम्हीच पाठवून बसलो," मी म्हटलं.

"अरे देवा." मग तेच मला धीर द्यायला लागले. "मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते म्हनतात ताई. तिचं वाढलंच समजा."

पण तिचं उत्तर आलं नाही. चुकलं, माफ कर, एवढंच मी लिहीत राहिले, कशाबद्दल ते लिहायचा धीर झाला नाही, आणि तेही पोचल्याची खूण होईना. त्याच सुमारास बातमीत आलं की तिच्या भागात पुन्हा हल्ले झाले आणि वीज गेली आहे. मला दोनच शक्यता दिसत होत्या. एक तर ती दुखावली होती, नाही तर ती नव्हतीच. दुसरी शक्यता मनात आली की मी उठून उगाच काहीतरी धुवायला घ्यायचे. आम्ही सर्वांनी मिळून तिला आधीच श्रद्धांजली वाहून ठेवली होती, आणि ती खरी होऊ नये एवढंच मी मागत होते.

या दिवसांत ग्रुपवर जे झालं त्याने मी थक्क झाले. रोज भाव टाकून झाला की काका खाली लिहायचे, "सुदानच्या ताईचा काही निरोप?" मी "नाही" लिहायचे. मग कुणीतरी तिचा जुना व्हिडिओ मागायचा. ज्यांनी चार ओळी वाचल्या नव्हत्या ते आता तिचे सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहायला लागले. धूलकोटच्या एकाने विचारलं, वाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायांची पोरं दिसत नाहीत, ती कुठे असतात? कुणी नकाशा टाकला, निळी नाईल कुठून निघते आणि लढाई कुठवर आली आहे त्याचा. कुणाच्या तरी मुलीने शाळेत त्यावर भाषण केलं, तेही आलं. मंडीत भाव ठरेपर्यंत लोक सुदानबद्दल बोलतात, हे मला ह्यांनी येऊन सांगितलं. सुदानचं नाव कधी न घेतलेली माणसं. ते ऐकताना मला वाटत होतं की हे बघायला ती आहे की नाही देव जाणे.

एका दुपारी शाळेतून परतताना मोबाइल वाजला. तिचं नाव. मी रस्त्याच्या कडेला, उसाच्या रसाच्या गाडीपाशीच थांबले.

तिने लिहिलं होतं की टपरीवरची थाळी बंद होती, म्हणून उशीर झाला. तुमचे लोक काय म्हणाले ते मोबाइलकडून भाषांतर करून वाचलं. आधी कळेना. मग कळलं की हे सांत्वन आहे. आम्ही पळालो तेव्हा माझे वडील वाटेत गेले. रस्त्याच्या कडेला पुरलं आणि लगेच पुढे निघालो. आमच्यात तीन दिवस लोक घरी येऊन बसतात. माझ्याकडे कुणी आलं नाही, घरच नव्हतं. हे मी कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नाही. तुमच्या गावातली एवढी माणसं माझ्या वडिलांसाठी येऊन बसली. मी एकेकाचं नाव मोठ्याने वाचलं. त्यांना कसं कळलं?

रसवाला विचारत होता, ताई, एक ग्लास देऊ का?

आता तिला काय सांगायचं? कुणालाच काही कळलं नव्हतं, सवयीने हात जोडले होते, हे खरं. ते सांगावं तर तिच्याकडे आलेली माणसं मीच उठवून दिल्यासारखं. न सांगावं तर तिच्या बापाच्या मरणात खोटेपणा. मी घरी न जाता काकांनाच फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "सांगून द्या ताई. गमीच्या घरी, जिथं मानूस गेला तिथं, खोटं चालत नाही. पन आजचा दिवस थांबा. आज आम्ही खरंच जातो."

त्या संध्याकाळी काकांनी ग्रुपवर लिहिलं की सुदानच्या ताईचे वडील गेले, केळीवाला माणूस होता, आज आपण दारावर जाऊ. या वेळी कुणी नुसते हात टाकले नाहीत. माणसं लिहीत होती. कुणी स्वतःच्या बापाने लावलेल्या पहिल्या बागेबद्दल लिहिलं. कुणी लिहिलं, आमच्याही वडिलांना आम्ही शेवटी भेटू शकलो नाही. एकाने फक्त आपलं गाव आणि नाव लिहिलं, दारावर गेल्यावर लोक तेवढंच सांगतात तसं. मी ते सगळं इंग्रजीत केलं आणि सोबत खरं काय ते लिहिलं. पहिल्यांदा ही माणसं चुकून आली होती. आज ठरवून आली आहेत.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. चुकून आले तरी आलेच ना, तिने लिहिलं होतं. तेव्हाही आले, आताही आले. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दोन्ही वेळा माझ्याकडे कुणाला द्यायला चहा नव्हता.

मी ते मराठीत करून ग्रुपवर टाकलं. काकांचा बोललेला निरोप आला. "ताई, तिले सांगा, गमीच्या घरच्याइनं चाय पाजायची नसते. चाय आपन न्यायची असते. ते आपलंच राहून गेलं."

मी तसंच्या तसं तिला लिहिलं. लिहून होतंय तोवर धूलकोटच्या एकाने चुलीवरच्या किटलीचा फोटो टाकला. मग दुसऱ्याने टाकला. सकाळची वेळ होती, भाव अजून यायचा होता आणि ग्रुपवर एकामागून एक किटल्या येत होत्या. काकांनी एकही काढली नाही.