कॅलिपर कोणाले लावायचा?

भिलाईत घरोघरी दोन गोष्टी साठत जातात, लोखंड आणि किस्से. लोखंड निदान कबाडी तरी घेऊन जातो. किस्से घरातच पडून राहतात आणि चार बाया जमल्या की पायात येतात. आमच्या घरचे बहुतेक सगळे एका फटफटीचे आहेत. मी चवथी शिकलेली बाई, मला गाडीतलं काय समजते असं ज्याला वाटत असेल, त्यानं पुढं वाचूच नये.

फटफटी आमच्या घरच्यांची, वसंतरावांची. लग्नाच्याही आधीची, जुन्या ढंगाची. गिअर उजव्या पायात, मागचा ब्रेक डाव्या पायात. पुढचा ब्रेक हाताचा, पण नावाला. दाबला की गाडी म्हणे, बरं, विचार करते. एक दिवस हे टीव्हीचा अँटेना फिरवायला छतावर चढले आणि खाली आले ते डाव्या पायावर. हाड जुळलं, पण पंजा खाली दबेना. पंजा दबत नाही म्हणजे ब्रेक नाही, ब्रेक नाही म्हणजे फटफटी नाही. कारखान्यात हे लोखंडी प्लेटवर मार्किंग करायचे. आता ड्यूटीवर कोणाच्या तरी मागं बसून जायचे आणि घरी आले की झाकलेल्या गाडीकडे पाठ करून बसायचे. बोलणं बंद. माणूस घरात असून नसल्यासारखा.

* * *

डॉक्टरनं सांगितलं, पायाला कॅलिपर लावा. लोखंडी सळ्यांचा, चामड्याच्या पट्ट्यांचा असतो ना, तो. करूनही आणला. ह्यांनी तो पलंगाखाली सरकवला. म्हणाले, "मी काय बैल आहो, जुपाले?"

ह्यांचे जुने दोस्त बिसेनभाऊ. बालाघाटकडचे, सुपेल्यात त्यांचं गॅरेज. एका रविवारी ते घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "वसंता, तुले नाही लावायचा त नको लावू. कॅलिपर मी गाडीले लावतो."

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आत तांदूळ निवडत होत्या. कान जरा कमी. त्यांना एवढंच ऐकू आलं, कॅलिपर लावतो. पोरगा कबूल झाला म्हणून हातातलं सूप ठेवून त्यांनी देवापुढं नारळ फोडला आणि खोबरं घेऊनच बाहेर आल्या. बिसेनभाऊंनी आधी खोबरं खाल्लं, मग समजावलं की कॅलिपर गाडीच्या चाकाला बसवायचा आहे.

आत्याबाई झाकलेल्या गाडीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अवं माय, तिचाबी पाय मोडला काय?"

* * *

तेव्हा नव्या गाड्यांना पुढं डिस्क ब्रेक यायला लागले होते. चाकाबरोबर एक लोखंडी तवा फिरतो, त्याला झाऱ्यासारखी भोकं. आणि कॅलिपर म्हणजे सांडशी. हातानं दांडी दाबली की सांडशी तवा पकडते आणि चाक जागेवर. पायाचं कामच नाही. हे मी बिसेनभाऊंचं डोकं खाऊन खाऊन समजून घेतलं, कारण मागं बसणार होते मी.

सामान पॉवर हाउस भागातल्या कबाडीकडं मिळायचं, ठोकलेल्या गाड्यांचं. बिसेनभाऊ भोळा माणूस, कोणी काही गळ्यात बांधावं. म्हणून मी संगं गेले. कबाडीनं एक तवा काढून दिला, म्हणे एकदम सीधा है. मी तो त्याच्या काउंटरच्या काचेवर ठेवला आणि डुलतो का बघायला काठावर बोट दाबलं. टक. पलीकडून दाबलं. टक. दुसरा मागितला. तोही टक. तो कपाळावर आठ्या घालून एकेक काढत गेला, मी दाबत गेले. शेवटी एक तवा गप्प बसला. तो मी पिशवीत टाकला.

"बहनजी, आप मैकेनिक हो?"

"नहीं. रोटी बेलती हूँ."

* * *

गॅरेजात गाडीला तवा बसला, पण कॅलिपर स्पोकला घासायला लागला. चाक फिरवलं की खर्र, खर्र. मग दुसऱ्या गाडीचा, जरा बारका कॅलिपर आणला, तर त्याची भोकं भलतीकडेच. म्हणजे मध्ये एक ब्रॅकेट बनवणं आलं. त्यासाठी शेजारच्या लेथवरचे साहूजी आले. छत्तीसगढी माणूस, बोलायच्या आधी तोंडातला तंबाखूचा गुडाखू थुंकून येणार, म्हणून बोलायचे कमीच.

त्या दिवशी मात्र ओरडले, "मोर कैलिपर कहाँ हे?"

बिसेनभाऊंनी गाडीचा कॅलिपर त्यांच्या हातात दिला. साहूजींनी तो परत केला, अजून जोरात मागितला. बिसेनभाऊंनी पहिला, स्पोकला घासणारा, तो दिला. साहूजींना पाहिजे होता मापाचा कॅलिपर, जाडी मोजायचा. दोघांची जुंपली. एक म्हणे मी कॅलिपर मागतो, दुसरा म्हणे मी कॅलिपरच देऊन राहिलो.

हे गॅरेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. तिथूनच म्हणाले, "एक पलंगाखालीबी आहे. आणू काय?"

बिसेनभाऊ आणि साहूजी पोट धरून हसले. मी नाही हसले. पडल्यापासून ह्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली मस्करी. मी चहा गाळत होते, तो सगळा कपाबाहेर गेला.

* * *

ब्रॅकेटचा नमुना बिसेनभाऊ मिठाईच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर काढायला बसले. गाडी खोलण्यात त्यांचा हात धरणारा सुपेल्यात कोणी नव्हता, पण रेघ म्हणाल तर शेळीच्या वाटेसारखी. हे स्टुलावरून मान वाकडी करून बघत होते. बिसेनभाऊंनी पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं.

ह्यांना राहवलं नाही. भिंत धरून उठले.

"दे इकडं. ब्रॅकेट काढून राहिला का डब्यातली जिलेबी?"

खडू घेतला, काटकोनाचा गुण्या घेतला आणि सरळ लोखंडाच्या पट्टीवर मार्किंग सुरू केलं. उभ्यानं, डावा पाय टेकवून. खडूचा आवाज ऐकूनच मला समजलं, हात तोच आहे. मध्येच साहूजींनी दया येऊन स्टूल त्यांच्यामागं सरकवलं. मी डोळे वटारले. साहूजींनी स्टूल उचलून आपल्या दुकानातच नेऊन ठेवलं.

* * *

सगळं बसलं, तेल भरलं, ब्रेकची दांडी दाबली तर ती सरळ मुठीला जाऊन लागली. नळीतल्या तेलात हवा. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर दांडी दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली चाकाशी नट ढिला करून बुडबुडे सोडायचे. वरचं काम माझ्याकडं आलं.

बिसेनभाऊ खाली बसून म्हणत, "दाबा वहिनी. धरून ठेवा. मी म्हणेपर्यंत सोडू नका. हां, आता सोडा." पुन्हा दाबा, पुन्हा धरा. माझं मनगट भरून आलं. हे जवळ आले, म्हणाले, "थकली असशीन त दे माह्याजवळ."

म्हटलं, "राहू द्या. सवय आहे मले. लग्नात भटजीनंबी हेच सांगतलं होतं. फक्त 'आता सोडा' सांगाले विसरला."

* * *

विश्वकर्मा पूजेला भिलाईत साधा पानाही आंघोळ करतो. गॅरेजातलं सगळं धुतलं, पुसलं, हार घातले. आत्याबाईही ताट घेऊन आल्या, गाडीला ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चाचणी. इंजिन बंद, हे वर बसलेले, बिसेनभाऊ मागून ढकलणारे. जरा वेग आला तसा ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. हे दाबतच राहिले आणि गाडी आपली सावकाश जाऊन साहूजींच्या लोखंडी किसाच्या ढिगात घुसली.

लागलं कोणालाच नाही. हे उतरले, चाबी काढली आणि बिसेनभाऊंच्या हातात ठेवली. "विकून टाक. मी बसतो लोकायच्या मागं."

मी बिसेनभाऊंच्या हातातून चाबी घेतली.

"विकायची त मले विका. मी शिकीन. तुमी बसा माह्या मागं."

बिसेनभाऊ तोंड लपवायला चाकाशी जाऊन बसले. बसल्या बसल्या तव्यावरून बोट फिरवलं. बोट लाल. तेलात कालवलेला शेंदूर, दोन्ही बाजूंनी, एकही भोक न चुकवता.

आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "टाकीले लावला, हँडलले लावला, मंग या नव्या पाव्हण्याले कावून नाही? त्याच्यावरच त माह्या पोराचा जीव."

ह्यावर ह्यांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी देवाची माफी मागून तवा स्वतःच्या हातानं धुतला, कोरडा केला. बिसेनभाऊंनी सांडशीतल्या तेल प्यालेल्या पट्ट्या काढून नव्या घातल्या आणि म्हणाले, "मायबाई, हा तवा सुक्या पोळीचा आहे. पराठ्याचा नाही."

* * *

मागं कोण बसणार ह्यावर वादच नव्हता. बिसेनभाऊ म्हणत होते मी बसतो, काही झालं तर. मी पदर खोचला आणि बसले.

जामुलच्या रस्त्याला लागलो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. थोडं गेलो आणि गाडी थांबली. मी सरळ ह्यांच्या पाठीवर जाऊन आदळले. विचारलं, "कावून थांबले?" गाडी निघाली. जरा पुढं पुन्हा थांबली. समोर कुत्रं नाही, गाय नाही, फाटक नाही. पुन्हा निघालो. पुन्हा थांबलो. आता हे काही निघेचनात. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात दांडीवर तसाच दाबलेला.

"काय झालं, सांगा त खरं."

पाठ हलून राहिली होती. हसत होते की काय, मागून समजत नाही. मी पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात जामुलकडून लोकल बस आली. रस्त्याच्या मधोमध आम्ही दोघं बघून ड्रायव्हरनं ती थांबवली, खिडकीतून मान काढली.

"क्या हुआ भैया, गाड़ी बिगड़ गई क्या?"

ह्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"नहीं भैया," म्हणाले, "बन गई."