चावला का, असं विचारलंच नाही

गेल्या महिन्यात आमच्या लाडूवर आळ आला... आणि गंमत म्हणजे तो आळ मानायला माझ्याशिवाय कोणीच तयार नव्हतं!

लाडू म्हणजे आमचा कुत्रा. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत त्याला ओळखत नाही असा माणूस नाही, कारण प्रत्येक घरची पोळी त्याने खाल्लेली आहे. शेजारच्या दुसरीतल्या गौरीचा तर तो जीव की प्राण.

एका सकाळी गौरीच्या पोटरीवर हळद दिसली. हळदीखाली दोन लाल खुणा... आदल्या संध्याकाळी आमचं गेट उघडं राहिलं होतं, ते मला चटकन आठवलं. तिची आई म्हणाली, कुंपणाची तार लागली असेल. तिचे बाबा, प्रमोदभाऊ, उलट माझीच समजूत घालायला लागले. "जाऊ द्या न ताई, आपलाच हाये तो. काहून एवढं मनावर घेता?"

आम्हा वऱ्हाडी माणसांची ही भीड मोठी वाईट. भांडायला उठलो तर गल्ली डोक्यावर घेऊ, पण शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून ही मंडळी रात्रभर पोरीला हळद लावून गप्प बसली होती!

लाडूला दरवर्षी लस देतो आम्ही. तरी... रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, आणि माझ्या कुत्र्यामुळे त्या लेकराला... पुढचा विचारच करवेना.

आणि मला लहानपणीचं अकोट आठवलं.

मी गौरीएवढीच असेन. आमच्या शेजारी कादरचाचांचं गाद्यांचं दुकान होतं, कापूस पिंजायचं मशीन दिवसभर घरघरत असायचं. बाहेरच्या कापसाच्या ढिगावर त्यांचा राजा झोपायचा. काळाभोर कुत्रा, पण अंगभर पांढरे पुंजके... ते वेचत बसणं हा माझा आवडता उद्योग. एक दिवस माझ्या हातावर ओरखडे उठले. राजाचा दात लागला की कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी, खरंच सांगते, मला आजही माहीत नाही.

चाचांनी विचारलंही नाही. साबणाने हात खळखळून धुतला, मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. तेव्हा रेबीजच्या सुया पोटात टोचायचे. चाचा रोज दुकान बंद करून मला न्यायचे आणि येताना उसाचा रस पाजायचे.

आईचं मात्र सुयांनी समाधान होईना. कुत्रा चावला की सात विहिरींत डोकावायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत. चाचा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. "सुई बिमारीसाठी, अन् इहीर तुह्या मायसाठी," एवढंच म्हणाले.

मग दवाखान्यातून येताना सायकल कुठल्यातरी विहिरीपाशी थांबायची. मी काठावरून वाकायचे आणि चाचा मागून माझा फ्रॉक घट्ट धरून उभे राहायचे. एकदा मी विचारलं, आत काय पाहायचं असतं?

"सोताले पाय. बरी दिसून राह्यली न? मंग झालं."

शेवटची सुई झाली त्या दिवशी मी भोकाड पसरलं होतं... सुया संपल्या म्हणून!

तर त्या सकाळी मीही गौरीची जखम धुतली आणि स्कूटी काढली. पण पोरगी दारातच अडून बसली. "नाई चावला न काकू तो. मी पडली." डोळे मात्र काठोकाठ भरलेले. मग हळूच म्हणाली, "तुमी त्याले धारणीच्या जंगलात सोडून देसान का?"

कॉलनीतल्या कोणीतरी तिच्या डोक्यात हे भरवलं होतं.

एवढ्या वर्षांनी मला कळलं, चाचांनी मला का विचारलं नाही ते. विचारलं असतं तर राजाविरुद्ध मलाच बोलावं लागलं असतं. एवढ्याशा पोरीवर त्यांनी ते ओझं टाकलंच नाही.

मी गौरीला जवळ घेतलं. "चावला का नाई, ते सांगूच नको मले. लाडू आपल्याच घरी राहीन. आपण फक्त सुई घेऊन येऊ, चाल."

तिने चप्पल घातली.

डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याला लस दिलेली असली तरी कोर्स पूर्ण करा आणि काही दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. लाडू ठणठणीत आहे, फक्त बांधून ठेवलं म्हणून रुसलाय. गेटला आता आपोआप लागणारी कडी बसवली आहे. प्रमोदभाऊंनी किती सांगितलं, तरी प्रत्येक सुईला गौरीला मीच नेलं.

आई आता माझ्याकडेच असते. ती रोज विचारायची, "इहीर दाखवली का पोरीले?" आमच्या कॉलनीत घरोघरी बोअरवेल... डोकावायचं कुठे!

काल शेवटची सुई झाली आणि मी स्कूटी बडनेऱ्याकडे वळवली. रस्त्याकडेच्या एका शेतात बांधीव काठाची, पाण्याने भरलेली विहीर सापडली. गौरीने वाकून पाहिलं. "काय पाहू काकू?"

"सोताले पाय. बरी दिसून राह्यली न?"

पाण्यात आमचे दोन चेहरे हलत होते. तिने स्वतःलाच हात हलवून दाखवला आणि खुदकन हसली... तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी मागून तिचा फ्रॉक मुठीत घट्ट धरला होता.

कादरचाचा जाऊन बरीच वर्षं झाली. चाचा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले हो... तेव्हा मी फक्त आणखी एक ग्लास रस मागायचे.