खारीतल्या खोलीतलं नेटवर्क कार्ड

काल जुना कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. तो वास मला थेट खारीत, त्या छोट्या गावात, शेवंताकाकींच्या घराच्या पुढच्या खोलीत घेऊन गेला. तिथे मी गावातल्या बायकांसाठी कॉम्प्युटर क्लास काढत होते. मशीनवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं होतं, पण आतलं नेटवर्क कार्ड त्याला ओळखताच येईना. इंटरनेटशिवाय क्लास कसला? काकी म्हणाल्या, "आज न्हाय झालं तर खोली भाड्यानं देईन."

मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने नवं, चकचकीत कार्ड पुढे केलं. "मॅडम, ये सबसे तेज है."

"तेज नहीं, लिनक्स पे चलनेवाला चाहिए," मी म्हटलं. कोणती चिप चालते ते मी आधीच वाचून गेले होते. एकेक खोकं उघडायला लावून चिपवरचं नाव बघत गेले आणि शेवटी एक जुनं, साधंसं कार्ड उचललं.

ते बसवून मशीन चालू केलं. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर इंटरनेटचं पान उघडलं. तेव्हा मी अभिमानाने त्या दिव्याकडेच बघत राहिले होते. आज मात्र डोळ्यांसमोर काकी येतात. दारात जमलेल्या बायकांना बाजूला सारून त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "पयली मी शिकनार."