बेपत्ता म्हणजे मृत नव्हे

बोरी बुद्रुकच्या लोकांना अभ्यासकांचं नवल नाही. गावाजवळ कुकडीच्या काठाला मातीच्या थरांमध्ये फार जुन्या ज्वालामुखीची राख आहे. ती बघायला कुठून कुठून माणसं येतात, पिशव्यांत माती भरून नेतात, शाळेत भाषण करून जातात. म्हणून मी पुण्याच्या एका संस्थेत लढायांचा अभ्यास करते असं सांगितलं, तेव्हा माझ्या मामांनी एवढंच विचारलं, "म्हंजे स्वतः जावं लागत न्हाई ना?"

जावं लागत नव्हतं. जगात कुठे सशस्त्र हल्ला झाला की त्याची नोंद करायची, हे आमचं काम. कधी झाला, कुठे झाला, कुणी कुणावर केला, किती मेले. मृतांसाठी दोन रकाने असतात, किमान आणि कमाल. बेपत्ता माणूस कमालमध्ये धरायचा. पक्का पुरावा मिळेपर्यंत किमानमध्ये घ्यायचा नाही. हा नियम मीच बैठकीत भांडून करून घेतला होता. लढणाऱ्या दोन्ही बाजू बेपत्ता माणसांना आपापल्या सोयीने मारतात किंवा जिवंत ठेवतात, असं मी तेव्हा म्हणाले होते. ते वाक्य सगळ्यांना आवडलं होतं.

मामांचा एकुलता एक मुलगा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एकत्र वाढलो. तो मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये कामाला होता. सहा-सात महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. घरी आला की पहिले आठ दिवस नुसता झोपायचा. मग नांगर, पाइपलाइन, मोटार असं हाताला लागेल ते दुरुस्त करत सुटायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी बोरीला गेले तेव्हा त्याची सुट्टी संपत आली होती. कांद्याची लागण चालू होती. त्याची बायको पडवीत बसून रोपांच्या जुड्यांचे शेंडे विळीवर छाटत होती. ती पारगावची, बारावी शिकलेली, कमी बोलणारी. त्यांची शाळकरी मुलगी शेजारीच खेळत होती. मामांनी मला खाटेवर बसवलं आणि थेट विचारलं.

"ह्याचं जहाज तांबड्या समुद्रातून जाणार हाय. तिकडं जहाजांवर बाँब टाकत्यात म्हनं. टीव्हीवर दावत्यात. न्हाई जायचं तर तसं लिहून देता येतं, हाच म्हनतो. तू सांग. तुजा अभ्यास हाय."

भाऊ हसत होता. "ताई सांगेल तसं," तो म्हणाला.

मला माझ्या विषयावर घरात पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. मी नीट समजावून सांगितलं. त्या वाटेने रोज किती जहाजं जातात, त्यातल्या फार थोड्यांवर हल्ला होतो, त्यातही बहुतेकदा माणसं वाचतात. मामांचा चेहरा तसाच राहिला, तेव्हा मी म्हणाले, "मामा, आपल्या उसात बिबट्या आहे. म्हणून तुम्ही उसाला पाणी द्यायचं थांबवलंत का?"

मामा मान हलवत हसले. "ते बी खरंय."

"उसातून माणूस रस्त्याकडं पळतो तरी, ताई," त्याची बायको विळीवरून मान वर न करता म्हणाली.

मामीने चहा आणला. भावाने त्याच आठवड्यात होकार कळवला.

फाल्गुनात एका सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा माझी सहकारी आदल्या दिवसाच्या नोंदी भरत होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्फोटकं भरलेली, माणूस नसलेली एक बोट मालवाहू जहाजाच्या मागच्या अंगावर आदळली होती, पाण्याच्या रेषेलगत, इंजिन रूमपाशी. बाकीचे खलाशी जहाज सोडून निघाले होते. दोघे बेपत्ता होते.

मी जहाजाचं नाव वाचलं. भावाने महिन्यापूर्वी पाठवलेला फोटो फोनवर होता. नारिंगी कपड्यांतला तो आणि त्याच्या खांद्यामागे जहाजावरची अर्धी अक्षरं. फोटो मोठा करून बघितला. अर्धी अक्षरं जुळली. त्याच अक्षरांनी सुरू होणारी दुसरी जहाजंही असू शकतात, असं मनात आलं, आणि ते मी तपासलं. अशा शक्यता तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. त्या भागात तसं दुसरं जहाज नव्हतं.

तरीही मी मामांना फोन केला नाही. आणखी एका ठिकाणाहून खात्री होऊ दे, असं स्वतःला सांगत बसले. ती खात्री मामांच्याच फोनने झाली.

"कंपनीचा फोन आला व्हता," ते म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. "आधी इंग्रजीत बोलला, मग हिंदीत. मिसिंग म्हनतोय. मिसिंग म्हंजे काय गं?"

"सापडत नाही म्हणजे, मामा."

"मंग शोधत असतील."

"हो."

दुपारी बोरीला पोचले. उपटलेला कांदा शेतात ओळीने पातीसकट पडला होता आणि अंगणात माणसं बसली होती. मी आत शिरताच सगळी माझ्याकडे वळली, डॉक्टर आल्यावर वळतात तशी. मामीने माझा हात धरला. "तुला तिकडचं समदं कळतं. सांग."

"शोध चालू आहे, मामी."

तेव्हा ते खरं होतं. चौथ्या दिवशी मी परसात उभी राहून फोनवर वाचलं की जहाज बुडालं आहे आणि शोध थांबवला आहे. मी घरात आले. मामी म्हणाली, "काय कळलं?" मी म्हणाले, "चालू आहे शोध." पाचव्या दिवशीही तेच म्हणाले. एवढ्या वर्षांत मी कुठल्याही नोंदीत जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. मामीसमोर मात्र ते सहज जमलं.

सहाव्या दिवशी जहाजावरून वाचलेल्या आचाऱ्याचा फोन भावाच्या बायकोला आला. तो दुसऱ्या राज्यातला होता, हिंदीत बोलत होता. तिने फोन स्पीकरवर लावून मांडीवर ठेवला. तो सांगत होता की दणका बसला, दिवे गेले, खाली दोघेच ड्यूटीवर होते. तो स्वतः इंजिन रूमच्या दारापर्यंत गेला होता. त्याने दोघांना नावाने हाका मारल्या. जिन्यावर पाणी चढत होतं.

"आपने उनको देखा?" तिने विचारलं.

"नहीं, भाभी."

"आवाज़ आई?"

तो रडायला लागला. तिने फोन बंद केला नाही, त्याचं रडणं थांबेपर्यंत धरून ठेवला.

मामीला हिंदी टीव्हीपुरती कळते. तिने त्यातलं एकच धरलं. "बघितलं न्हाई म्हनतोय त्यो," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बघितलंच न्हाई, मंग कसं म्हनायचं?"

त्या वेळी तरी मी खरं बोलायला हवं होतं. बंद इंजिन रूम, फुटलेली बाजू, गेलेले दिवे. अशा नोंदी मी पूर्वी केल्या होत्या. खाली राहिलेला माणूस परत आल्याची एकही नोंद मला आठवत नव्हती. पण तोंडातून आला तो माझाच नियम.

"बेपत्ता म्हणजे मृत नव्हे, मामी."

मामीने ते वाक्य उचललं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगू लागली. पोरगी ह्याच्यावरच शिकलीया, ती म्हनाली, मेलेला न्हाई. सकाळी ती त्याच्या नावाने देवापुढे नारळ ठेवायची. सुनेने कुंकू पुसायचं नाही, बांगड्या काढायच्या नाहीत, असं तिने घरात बजावलं.

मामांना मी दोन दिवसांनी खरं सांगितलं. ते एकटेच कांद्याची पात कापत बसले होते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. शोध कधी थांबला आणि मी किती दिवस खोटं बोलले, तेही सांगितलं. ते कापत राहिले. पातीचा ढीग बाजूला सारून म्हणाले, "मला कळलं व्हतं. तू डोळ्याला डोळा देत नव्हतीस." मग म्हणाले, "तिला नगं सांगू इतक्यात."

संस्थेत परत गेले तेव्हा ती नोंद पूर्ण झाली होती. मृत, किमान शून्य. कमाल दोन. खाली शेऱ्यात 'दोघे बेपत्ता'. सहकारीने नियमाप्रमाणेच केलं होतं. ती नोंद मी पुन्हा उघडणार नाही, असं मी वरिष्ठांना सांगितलं, कारणही सांगितलं. त्यांनी सुट्टी घ्यायला सांगितली. मी घेतली नाही.

पावसाळा संपता संपता भावाची बायको पुण्याला माझ्या ऑफिसात आली. यष्टीने एकटीच आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते.

"ताई, ते गेलेत हे मला माहितीये," ती बसायच्या आधीच म्हणाली. "पण कागदावर ते जिवंत आहेत. मुलीच्या शाळेपासून सातबारापर्यंत सगळं अडलंय. ऑफिसात म्हणतात, मृतदेह नाही तर सात वर्षं थांबा, नाहीतर पुरावा आणा. तुम्ही हेच काम करता ना?"

मी हेच काम करत होते. पण एका माणसाचा मृत्यू सिद्ध करायचं काम मी कधी केलं नव्हतं. दोन महिने लागले. त्या जातीच्या जहाजाचा नकाशा मिळवला. वाचलेल्या तिघांना फोन करून त्यांचे जबाब लिहून घेतले. कोण कुठे उभा होता, दिवे कधी गेले, पाणी कुठून शिरलं, दार कोणत्या बाजूला उघडतं. अकरा पानांचा अहवाल झाला. इंग्रजीत होता. अर्जदार म्हणून त्यावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवा, असा भावाच्या बायकोने आग्रह धरला. ऑफिसचं दार लावून मी वाचला.

ती मधेच थांबवून विचारायची.

"पाणी भरायला किती वेळ लागला असंल?"

"चार-पाच मिनिटं."

"आणि वर यायला जिने किती?"

"तीन."

तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "त्यांना पोहता यायचं. कुकडी दुथडी असली तरी पलीकडं जायचे."

"हो. मी पाहिलंय."

"मग ते पोहले असतील. अंधारात. थोडा वेळ."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. मग ती म्हणाली, "हे त्याच्यात लिहू नका. लिहिलं तर कागद पुन्हा अडकेल." आणि जिथे सही करायची तिथे तिने सही केली.

मृत्यूचा दाखला मिळाला. माझ्या सहकारीने नोंद दुरुस्त केली. किमान एक झालं. दुसऱ्या माणसाच्या घरचा दाखला आला नव्हता, म्हणून एकच. पुरावा म्हणून तिला माझाच अहवाल नोंदवावा लागला. तिने तो माझ्या नावाने न नोंदवता फक्त 'कुटुंबाकडून मिळालेला' असं लिहिलं. मी हरकत घेतली नाही.

मामीला मामांनी सांगितलं. नदीकाठी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं ठरलं. पुरुष माणसं नदीकडे गेली, आम्ही बायका घरात होतो. मामी चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. तिने मला जवळ बोलावलं.

"तूच म्हनाली व्हतीस ना, मेलेला न्हाई म्हनून?"

"म्हणाले होते."

"मंग आता गवताचा जाळत्यात त्यो कोन?"

"माझं चुकलं, मामी. तेव्हाच सांगायला हवं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाणी किती खाली गेलंय ते बघतात, तशी. मग म्हणाली, "नऊ म्हयनं मी त्याचं ताट वाढत व्हते." एवढंच बोलून ती पुन्हा भिंतीकडे वळली. त्यानंतर ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, निघताना पिशवीत भाजी घालते. पण जगात कुठे काय चाललंय, हे तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

यंदा चैत्रातल्या जत्रेला गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर मामा आणि मी पडवीत बसलो होतो. भावाची बायको ताटं उचलत होती. टीव्हीवर कुठल्याशा समुद्रातलं जळतं जहाज दाखवत होते. मामांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"एक सांगू का," ते म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नगंस. तू नको जाऊ म्हनाली असतीस, तरी त्यो गेलाच असता. त्याचं मन लागत न्हवतं हितं."

हे खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, मला कळलं नाही. मी मान हलवली.

त्याची बायको दारात थांबली. हातात ताटांची चळत होती.

"नसते गेले," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.