'कडी' गाण्यातल्या टाळ्या

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर खारी खावी तसे... खाल्ली, चुरा झटकला, विषय संपला. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. आवाज म्हणजे हवेची हालचाल, आणि हवा हलवायला आधी काहीतरी हलावं लागतं — एवढं साधं आहे ते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मावश्यांना मी लहानपणापासून तोंडावर "काहीही काय!" म्हणत आले. आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे यांना थारा नाही. पप्पा या बाबतीत फार कडक. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहतो. खाडीकडे तोंड केलेली जुनी बिल्डिंग, वन बीएचके, घरात मी, आई आणि पप्पा. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी कस्टमर सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर लोकांचं ऐकून घेते. उरलेल्या वेळात गाणी लिहिते, गिटारवर चाल बसवते, घरीच रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकते. इंडी म्हणतात याला. मागे कंपनी नाही आणि पुढे पब्लिक नाही! ऐकणारे मोजके, त्यातले निम्मे ओळखीचे.

हे वेड लावलं निनादने. तो कॉलेजपासूनचा मित्र, ठाण्याला राहतो, बेस गिटार वाजवतो आणि माझी गाणी मिक्स करून देतो. आमचे लाडके बँड म्हणजे शिलाँगची चार मुलं, जी कुजबुजत गातात, आणि कोलकात्याचे तिघं, ज्यांचा एक शब्द कळत नाही तरी गाणं पुन्हा लावावंसं वाटतं. एकट्या माणसाने एकट्या माणसासाठी गायलेलं गाणं... मला तेच आवडायचं.

पप्पांना नाही. पप्पा एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, पण त्यांची खरी ओळख गायन पार्टीतली. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमांना त्यांची पार्टी उल्हासनगरपासून मुरबाडपर्यंत जायची. पप्पा मुख्य गायक कधीच नव्हते. ते कोरसला. गायकाने ओळ टाकली की मागच्या रांगेने ती उचलायची आणि वर टाळी द्यायची. ढोलकीवाला म्हणे गायकाकडे नाही, पप्पांच्या हातांकडे बघून वाजवायचा. माझी गाणी ते हेडफोन लावून मन लावून ऐकायचे आणि मग सुस्कारा टाकायचे.

"चांगलं आहे गं. पण ही पोरं गातात का रडतात? आणि तू पण त्यांच्यासारखीच. एकटीच सुरू करते, एकटीच संपवते. तुझ्या गाण्यात माणसाला उचलायला जागाच नाही. आम्ही यायचं कुठून?"

"पप्पा, हे पार्टीचं गाणं नाहीये. याला कोरस नसतो."

"कोरस नसतो असं गाणं नसतं," असं म्हणून ते हेडफोन काढून ठेवायचे.

मग पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डाव्या हाताची थोडी हालचाल राहिली, पण आपण बोलतो ते त्यांना कळतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आई म्हणायची सगळं कळतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला काही दिसायचं नाही. त्यांच्या मनगटावरचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ हॉस्पिटलात काढून दिलं होतं. ते आईने पुसलं, रुमालात गुंडाळून तिच्या पेटीत ठेवून दिलं.

त्याच दिवसांत मी 'कडी' नावाचं गाणं लिहिलं. 'दार लोटून ठेवलंय मी, कडी लावली नाही' अशी सुरुवात. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी प्रत्येक ओळीनंतर जागा सोडली. पार्टीच्या गाण्यात असते तशी, कुणीतरी यावं म्हणून. माझं तेव्हा एकच मागणं होतं. जाण्याआधी पप्पांनी माझं एक गाणं उचलावं. उचललं नाही तर निदान पापणी हलवून दाखवावी, की ऐकलं म्हणून.

रेकॉर्डिंग पप्पांच्याच खोलीत करायचे, कारण बाकी घरात रस्त्याचा आवाज. कपाटाची दारं उघडी टाकून त्यांवर गोधड्या सोडायच्या, मध्ये माइक, कानात लय धरणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक — म्हणजे प्रत्येक टेक, प्रत्येक वेळचं गाणं, एकाच लयीत येतो. रविवारी दुपारी पहिला टेक केला आणि निनादला पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पहिल्या ओळीनंतर टाळी कोणी मारली?"

"कोणीच नाही."

"अगं आहे यार. एकच आहे, पण मस्त पडलीय. आणि तिच्यात बारीक छन् असं काहीतरी वाजतंय, घुंगरासारखं."

मी ऐकलं. होती. गाताना माइकचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येत होता, तरी मला ती ऐकू आली नव्हती. निनाद म्हणाला, काकू भाकऱ्या थापत असतील. पटलं मला. पुढच्या रविवारी मी आईला गाणं होईपर्यंत स्वयंपाकघरात जाऊच दिलं नाही.

"तुझ्या गाण्यापायी आता उपाशी बसायचं का आम्ही?" असं म्हणत ती पप्पांच्या पायाशी बसून राहिली.

तरी टाळी आली. या वेळी तिसऱ्या ओळीनंतर, छन् सकट. पहिल्या ओळीनंतर मात्र शांतता.

मग मी काय काय नाही केलं! खालच्या काकांना विचारून आले, माइकची वायर बदलली, निनादचा माइक आणला. शेवटी खुर्चीच फिरवली आणि पप्पांकडे तोंड करून गायले. डावा हात छातीवर, उजवा चादरीवर मेल्यासारखा, डोळे पंख्याकडे. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत, याची मी साक्ष देईन. आणि रेकॉर्डिंगमध्ये, मधल्याच कुठल्याशा ओळीनंतर, एक टाळी. दोन तळहात एकमेकांवर आपटल्याशिवाय तसा आवाज येत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही हे आपण भांडणात म्हणतो, मी ते त्या खोलीत बसून अक्षरशः तपासत होते.

भीती वाटली का? नाही. मला आनंद झाला, आणि तो आनंद चुकीचा आहे हेही कळत होतं. ही पप्पांचीच टाळी, असं मी मनात ठरवून टाकलं. आत कुठेतरी ते कोरसला बसलेत. मी आईला ऐकवलं. तिने पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"त्यांची टाळी अशी नव्हती," मग म्हणाली. "त्यांची भरीव पडायची. ही... अर्धी त्यांची वाटते. आणि ते छन् कसलं? त्यांच्या हातात कधी काही वाजलं नाही."

मी चिडले तिच्यावर. मला जे हवं होतं ते हातात आलं होतं आणि ही त्यात खोट काढत होती. निनाद दरवेळी टाळी कापून बाजूला ठेवायचा आणि मला म्हणायचा, पुन्हा कर, स्वच्छ टेक पाहिजे. पुन्हा केला की पुन्हा एखादी यायची. असं बरेच रविवार चाललं.

मग पप्पांच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटलात ठेवलं, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन शांतपणे सांगितलं की आता घरी न्या. याचा अर्थ मला कळला. घरी आल्यावर औषधांच्या वेळा सांभाळायच्या होत्या. आईने पेटी उघडली आणि रुमालातून घड्याळ काढलं.

"घाल हातात. नुसतं पडून आहे. फोन बघत बसतेस आणि वेळ चुकते."

सेल बदलून आणला, घातलं. माझ्या मनगटाला ते फारच सैल, कोपरापर्यंत वर-खाली व्हायचं. पट्टा छोटा करून घ्यायला सवड कुठे होती!

त्या रविवारी मी शेवटचं म्हणून गायला बसले. गाणं पुरं करून पप्पांना ऐकवायचं होतं, टाळी येवो न येवो. गोधड्या, माइक, कानात टिकटिक, सगळं नेहमीसारखं. पहिली ओळ म्हटली आणि समोर पाहिलं, तर पप्पांचा डावा हात वर आला होता. थरथरत होता, पण तळवा उघडा, माझ्याकडे केलेला. डोळे पंख्याकडे नव्हते, माझ्याकडे होते. हात दुसऱ्या हाताची वाट बघत होता.

मी गिटार खाली ठेवली. कॉटवर बसले, पहिली ओळ पुन्हा म्हटली आणि सोडलेल्या जागेत त्यांच्या तळव्यावर माझा तळवा मारला. टाळी वाजली! मी दुसरी ओळ म्हटली, त्यांनी हात तसाच धरून ठेवला, मी पुन्हा टाळी दिली. गिटारशिवाय, नुसतं गाणं आणि टाळी, ओळीमागून ओळ. मी रडत होते पण लय सोडली नाही. पप्पांसमोर लय सोडायची कुणाची हिंमत नव्हती. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

"अगं, टाळी वाजली? किती दिवसांनी ऐकली गं..." दारातच ती खाली बसली.

शेवटच्या ओळीनंतर मी टाळी दिली तेव्हा त्यांनी माझी बोटं धरली. जोरात धरली. त्यांनी माझं गाणं उचललं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. याबद्दल मला काडीचीही शंका नाही.

त्याच आठवड्यात पप्पा गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि निनाद लॅपटॉप घेऊन घरी आला. मी म्हटलं, शेवटचा टेक लाव. त्यात पप्पा आहेत, आईला ऐकू दे.

त्याने लावला. माझा आवाज होता, पंख्याची घरघर होती, गिटार खाली ठेवल्याचा ठक् होता. पहिली ओळ झाली आणि जागा आली... रिकामी. दुसरी ओळ, रिकामी. आईचं "अगं, टाळी वाजली?" स्पष्ट ऐकू आलं. टाळी नव्हती. एकही नव्हती! माइकपासून हातभर अंतरावर आम्ही दोघांनी वाजवलेल्या टाळ्या, ज्या आईने स्वयंपाकघरात ऐकल्या, त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हत्याच. निनादने मूळ फाइल उघडून दाखवली. आवाजाची रेघ माझ्या शब्दांवर उसळायची आणि जागेत सपाट व्हायची.

मला आठवतंय, मी त्याच्यावर ओरडले. तू कापल्यास म्हणून. बिचाऱ्याने जुन्या टेकचा फोल्डर उघडला. मग म्हणाला, "जुन्या टाळ्या आहेत माझ्याकडे. टाकू का? काकूंसाठी."

लय एकच असल्यामुळे त्याने प्रत्येक टाळी ज्या टेकमध्ये ज्या जागी आली होती, तिथेच नव्या टेकखाली ठेवत नेली. ठेवता ठेवता त्याचा हात मंदावला. इतके रविवार आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, की कुठलीही टाळी एकाच जागी दोनदा आली नव्हती. प्रत्येक वेळी वेगळ्या ओळीनंतर. सगळ्या मांडून झाल्यावर एकही जागा रिकामी उरली नाही आणि एकही टाळी जास्त झाली नाही. निनादने प्ले केलं. त्या शेवटच्या रविवारी मी जिथे थोडी घाईने टाळी दिली होती, तिथे ही जुनी टाळीही घाईने पडली. रडू आवरताना जिथे मला जरा उशीर झाला होता, तिथे उशीर होता.

आणि छन्. स्पीकरमधून छन् आलं, आईने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून जोरात हलवला. पप्पांचं सैल घड्याळ माझ्या मनगटावर वाजलं. तोच आवाज. त्या टाळ्या रेकॉर्ड झाल्या तेव्हा हे घड्याळ आईच्या पेटीत, रुमालात होतं.

"अर्धी त्यांची वाटते, म्हटलं होतं ना मी," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

यावर मी खूप डोकं चालवलंय. माइक, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, निनादची चेष्टा — सगळं तपासून झालं. चेष्टा असती तर मी त्याला माफसुद्धा केलं असतं. हवा हलायच्या आधी आवाज येत नाही, हे मी आजही मानते. त्या टाळ्या आधी कशा आल्या आणि जेव्हा खऱ्या वाजल्या तेव्हा कुठे गेल्या, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर सांगा. पण पप्पांचा आत्मा वगैरे नका सांगू, ते चिडतील.

'कडी' मी इंटरनेटवर टाकलंय. खाली लिहिलंय — टाळी : पप्पा आणि मी. त्यानंतरही गाणी रेकॉर्ड केली. आता प्रत्येक ओळीनंतर जागा सोडते, घड्याळाचा पट्टा अजून छोटा करून घेतला नाही. निनाद म्हणतो, टेक एकदम स्वच्छ येतायत. मी रविवारी हेडफोन लावून त्या जागा पुन्हा पुन्हा ऐकते. नुसता पंखा ऐकू येतो.